सात-आठ : पत्ते लावण्यापासून पान ओढण्यापर्यंत

दोघांत खेळायचा पत्त्यांचा डाव म्हटलं की सात-आठ: एकाने सात हात करायचे, दुसऱ्याने आठ (दोघांनी टाकलेल्या एकेक पानाची जोडी म्हणजे एक हात). नियम दहा मिनिटांत सांगून होतात, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच खेळायला बसतात. मग तिसऱ्या डावाला भांडण होतं: पान आधी ओढायचं की हुकूम (बाकी रंगांना कापणारा रंग) आधी बोलायचा? कुणाला सात हात करायचे होते? सोळावं पान कुठून आलं? या भांडणांपेक्षा मोठी चूक मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. सगळे हा डाव मेंढीकोटासारखा अंदाजाने खेळतात. इथे अंदाजाला फारशी जागा नाही. तीसही पानं दोघांत वाटली जातात, त्यामुळे जे पान आपल्या हातात नाही ते समोरच्याच्या हातात आहे. पहिली उतारी करण्याआधीच, म्हणजे हाताचं पहिलं पान टाकण्याआधीच, त्याची पंधराही पानं आपल्याला माहीत असू शकतात. खालच्या सगळ्या पायऱ्या ही एक गोष्ट धरून लिहिल्या आहेत.

१. पत्ते लावणे

५२ पानांच्या जोडातून जोकर बाजूला काढा. मग दुर्रीपासून छक्कीपर्यंतची चारही रंगांची पानं काढा. ही २० पानं झाली. उरली ३२. आता किलवर सत्ती आणि चौकट सत्ती काढा. बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती जोडातच राहतात.

उरलेली पानं अशी:

बदाम ८, इस्पिक ८ (एक्क्यापासून सत्तीपर्यंत)
किलवर ७, चौकट ७ (एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत)
एकूण ३०

ही चार संख्यांची ओळ पाठ करा, पुढे चौथ्या पायरीला तीच लागणार आहे. पानांची उतरंड नेहमीची: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती.

तपासणी: वाटण्याआधी पानं मोजा. ३२ भरली तर काळ्या-लाल दोन सत्त्या काढायच्या राहिल्या आहेत. २८ भरली तर चारही सत्त्या काढल्या गेल्या. २८ पानांत प्रत्येकाला १४ पानं येतात आणि सात-आठची बेरीजच जमत नाही.

२. बसण्याआधी ठरवायच्या गोष्टी

हा घराघरांतला डाव आहे, म्हणून बारीकसारीक नियम घरागणिक बदलतात. खेळ सुरू झाल्यावर नियम काढला की तो नेहमी काढणाऱ्याच्या सोयीचा असतो. म्हणून आधीच बोलून घ्या:

— मागच्या डावात ज्याचे हात ठरल्यापेक्षा जास्त झाले तो समोरच्याची पानं ओढतो (नववी पायरी). ती एकेक करून ओढायची आणि प्रत्येक वेळी एक परत द्यायचं, की सगळी एकदम ओढून मग तेवढी परत द्यायची? एकेक ओढताना आपण परत दिलेलंच पान पुन्हा आपल्याकडे येऊ शकतं. एकदम ओढली तर ही कटकट नाही.
— ओढलेलं पान तेच परत देता येतं का? द्यायला हरकत नसावी. नाहीतर वाईट पान ओढलं गेलं की ओढणाऱ्यालाच शिक्षा होते.
— रंग असून दिला नाही तर दंड काय? किमान एवढं ठेवा: चूक करणाऱ्याचा तो हात समोरच्याला.
— झालेला हात उलटून पाहायचा का? मागचा एक हात पाहू देणं पुरेसं आहे.
— किती डाव खेळायचे? आकडा सम ठेवा. वाटणी आलटून-पालटून असते, त्यामुळे विषम डावांत एकाला हुकूम बोलायची संधी एकदा जास्त मिळते.

३. वाटणे आणि हुकूम बोलणे

पहिल्या डावाला दोघांनी एकेक पान कापा. मोठं पान ज्याचं तो हुकूम बोलेल, दुसरा वाटेल. पुढे दर डावाला अदलाबदल.

वाटणाऱ्याने पानं पिसून समोरच्याकडून कापून घ्यायची. मग आधी त्याला पाच पानं, स्वतःला पाच. इथे थांबायचं. उरलेली वीस पानं उपडी ठेवायची.

समोरचा आपली पाच पानं पाहून हुकूम बोलतो. बोलून झाल्यावरच पुढची पानं: पाच-पाच, आणि पुन्हा पाच-पाच. दोघांकडे १५-१५.

ज्याने हुकूम बोलला त्याला आठ हात करायचे, वाटणाऱ्याला सात. पुढे मी त्यांना आठवाला आणि सातवाला म्हणतो. पहिली उतारी आठवाल्याची.

इशारा: हुकूम बोलण्याआधी वाटणाऱ्याने सहावं पान सोडू नये, आणि बोलणाऱ्याने ‘जरा बघू पुढे काय येतंय’ म्हणू नये. अख्ख्या डावात अंधारात घ्यायचा निर्णय हा एवढा एकच आहे. तो उजेडात आणला तर आठवाल्यावरचं ओझंच जातं.

*पाच पानांत हुकूम कोणता?*

रंग चार आणि पानं पाच, म्हणजे एखाद्या रंगाची दोन पानं तरी असणारच. मोठ्या पानापेक्षा संख्येकडे पाहा. हातातल्या एकुलत्या एक्क्यावर हुकूम बोलणं ही नवख्यांची ठरलेली चूक. एक्का हुकूम असो वा नसो, आपल्या रंगात मोठाच आहे. हुकूम केल्याने किंमत वाढते ती अठ्ठी-नव्वीची.

हिशोब सोपा आहे. आपली पाच पानं सोडली तर २५ पानं अदृश्य, त्यातली १० आपल्याकडे येणार, म्हणजे शेकडा ४०. इस्पिकची तीन पानं हातात असतील तर बाहेर पाच उरली. त्यातली सरासरी दोन आपल्याकडे येतील आणि पाच हुकूम होतील. किलवरची तीन असतील तर बाहेर चारच उरतात. त्यातली दीड-पावणेदोन येतील. पानं दोन-दोन-एक अशी आली आणि दर्जा सारखाच असला, तर बदाम किंवा इस्पिक बोलावा, कारण त्या रंगात एकेक पान जास्त आहे. तीन बारीक पानं आणि दोन मोठी अशी निवड आली तर बहुतेक वेळा तीनचीच बाजू घ्यावी. फक्त ती तीन सत्ती-अठ्ठी-नव्वी असतील आणि दुसरीकडे एक्का-राजा असेल तर विचार करावा.

४. समोरच्याचा हात मांडणे

पंधरा पानं हातात आली की रंगवार लावा आणि उतारीआधी एक मिनिट घ्या. समोरचा घाई करेल, करू द्या. मागच्या डावाची ओढाओढ बाकी असेल तर ही मांडणी ओढण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा करायची.

समजा तुम्ही आठवाले आहात, हुकूम इस्पिक, आणि पानं अशी आली:

इस्पिक: एक्का, राजा, दश्शी, अठ्ठी, सत्ती
चौकट: एक्का, राजा, दश्शी, अठ्ठी
बदाम: एक्का, गुलाम, नव्वी
किलवर: राणी, दश्शी, नव्वी

आता प्रत्येक रंगातून वजा करत जा. इस्पिक आठ, आपली पाच, म्हणजे त्याच्याकडे तीन: राणी, गुलाम, नव्वी. चौकट सात, आपली चार, त्याच्याकडे राणी, गुलाम, नव्वी. बदाम आठ, आपली तीन, त्याच्याकडे पाच: राजा, राणी, दश्शी, अठ्ठी, सत्ती. किलवर सात, आपली तीन, त्याच्याकडे एक्का, राजा, गुलाम, अठ्ठी.

तपासणी: तीन, तीन, पाच आणि चार, बेरीज पंधरा. बेरीज चुकली तर रंगाची मूळ संख्या चुकली आहे; बहुधा किलवर किंवा चौकट आठ धरलेला असतो.

सुरुवातीला चारही रंग डोक्यात राहत नाहीत. तसं असेल तर हुकूम आणि आपला दुसरा लांब रंग एवढे दोनच मांडा. डावाचा निकाल बहुधा त्या दोन रंगांतच लागतो.

५. हात खेळण्याचे नियम

उतारीच्या रंगाचं पान असेल तर तेच द्यायचं. वरचंच द्यायला हवं अशी सक्ती नाही. रंग नसेल तर हुकमाने कापा, नाहीतर दुसरं कुठलंही पान टाका. कापायचीही सक्ती नाही. हात जिंकेल त्याची पुढची उतारी.

जिंकलेले हात एकावर एक रचू नका. दोन पानांची जोडी आडवी, पुढची उभी, असे ठेवा. डावाच्या मध्यावर ‘माझे किती झाले?’ हे मान वळवून मोजता आलं पाहिजे.

६. उतारीचा क्रम

वरच्या हातात आठ हात दिसतात का, ते आधी मोजू. इस्पिकचे एक्का आणि राजा हे दोन. तिसऱ्या फेरीला दश्शी उतरायची. त्याने राणी राखली असेल तर तो हात त्याचा. पण तेवढ्यात त्याचे तिन्ही हुकूम संपले, आणि आपली अठ्ठी नि सत्ती मोकळी झाली. म्हणजे हुकमाचे चार. चौकटचे एक्का आणि राजा, तिसरी फेरी त्याच्या राणीला, चौथी आपल्या अठ्ठीला; हे तीन. बदाम एक्का एक. चार, तीन आणि एक, आठ झाले. किलवर राणी आणि बदाम गुलाम या पलीकडे, जमलं तर वरकड, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्तीचे हात.

आता हीच पानं उलट्या क्रमाने खेळून पाहा. आधी चौकट एक्का, राजा, मग दश्शी. ती राणीला गेली, चौकट त्याच्याकडे संपला. पण हुकूम अजून तीन आहेत. आता चौकट अठ्ठी उतरलात की तो इस्पिक नव्वीने कापतो. पानं तीच, समोरचा तोच, अठ्ठीचा हात गेला तो फक्त क्रमाने.

म्हणून पहिला नियम: आपले हुकूम जास्त असतील आणि बाजूला लांब रंग असेल, तर आधी समोरच्याचे हुकूम काढून घ्या. त्याचे हुकूम संपले आणि एखादा रंगही संपला, की त्या रंगातली आपली अठ्ठी एक्क्याच्या मोलाची होते. दोघांच्या डावात तिसरा कुणी वर मारायला बसलेला नसतो.

हुकूम काढायचे नाहीत कधी? आपल्याकडे बारीक दोन-तीन हुकूम आहेत आणि एखाद्या रंगाचं एकच पान, तेव्हा. ते एकुलतं पान लवकर घालवा. समोरचा तो रंग पुन्हा उतरला की बारीक हुकूम मारून हात घ्या. सातवाल्याला हा मार्ग जास्त वेळा घ्यावा लागतो, कारण हुकूम त्याच्या पानांवर बोललेला नसतो.

इशारा: समोरच्याकडे जो रंग नाही आणि हुकूम मात्र आहेत, त्या रंगाचं मोठं पान उतरणं म्हणजे ते भेट देणं. चौथ्या पायरीची मांडणी केलेल्याकडून ही चूक होतच नाही.

*एक्के-राजे आधी वाजवून घेण्याची सवय*

‘मोठी पानं घेऊन टाकू, मग बघू’ हा खेळ सहा हातांपर्यंत छान चालतो आणि नंतर अडतो. एक्का हा हात मिळवून देतो, पण उतारीही परत आणतो. लांब रंगातली बारीक पानं मोकळी करायला मध्ये उतारी परत मिळवावी लागते. ते काम करणारा एक्का आधीच गेला असेल तर मोकळी झालेली पानं हातात तशीच राहतात. वरच्या हातात बदाम एक्का म्हणूनच शेवटपर्यंत हातात ठेवायचा, समोरच्याने बदाम उतरेपर्यंत.

७. शेवटची तीन-चार पानं

सात-आठमध्ये बरेच डाव एका हाताने इकडचे तिकडे होतात आणि तो हात बहुधा शेवटच्या तीन पानांत असतो. इथे उतारी हातात असणं नेहमी फायद्याचं नसतं.

हुकूम संपले आहेत. आपल्याकडे चौकट एक्का, चौकट राणी आणि किलवर अठ्ठी. त्याच्याकडे चौकट राजा, चौकट गुलाम आणि किलवर नव्वी. उतारी आपली.

एक्का उतरलात, तर तो गुलाम देतो. मग राणी उतरा, राजा पडतो. त्याची किलवर नव्वी आपल्या अठ्ठीवर. आपला एकच हात.

किलवर अठ्ठी उतरलात, तर नव्वीने हात त्याचा. पण आता त्याला चौकट उतरण्यावाचून गत्यंतर नाही. राजा उतरला तर एक्का, आणि गुलामावर राणी. गुलाम उतरला तर राणी, आणि राजावर एक्का. आपले दोन हात.

एक हात देऊन दोन घेण्याची ही जागा ओळखायची खूण सोपी आहे: आपल्याकडे एका रंगाचं पहिलं आणि तिसरं पान, त्याच्याकडे दुसरं. अशा रंगाची उतारी आपण करायची नाही. त्यासाठी त्याच्या हाती उतारी देणारं एक फालतू पान शेवटापर्यंत राखून ठेवा. बहुतेक जण नेमकं तेच ‘नकोसं पान’ म्हणून आठव्या-नवव्या हाताला टाकून मोकळे होतात.

८. हात मोजणे

जिंकलेल्या जोड्या मोजा. दोघांची बेरीज १५ आलीच पाहिजे. नसेल तर एखादी जोडी दुसरीत मिसळली आहे. पानं मोजली (एकूण ३०) की सापडते.

एकाला जितके वरकड, दुसऱ्याला तितकेच कमी. आठवाल्याने दहा केले म्हणजे त्याचे दोन वरकड. सातवाल्याचे पाच, दोन कमी. सातवाल्याने आठ केले तर त्याचा एक वरकड. बरोबर आठ-सात झाले तर पुढच्या डावाला ओढाओढ नाही.

इशारा: मोजताना मोठ्या आकड्याकडे पाहू नका, ठरलेल्या आकड्याकडे पाहा. आठवाल्याने आठ केले म्हणजे तो जिंकला नाही, त्याने फेड केली. हा गोंधळ फार होतो.

९. पान ओढणे

सगळ्यात जास्त वाद या पायरीला होतात, म्हणून क्रम जसाच्या तसा पाळा.

आधी नवी वाटणी: पाच-पाच पानं. मग हुकूम. मग उरलेली दहा-दहा पानं. पंधराही पानं आल्यावर, आणि पहिली उतारी होण्याआधी, ओढाओढ. हुकमाआधी ओढलं तर बोलणाऱ्याची पाच पानं बदलतात आणि हुकूम लंगडा होतो.

ज्याचे मागच्या डावात कमी पडले त्याने आपली पानं पिसून, पंख्यासारखी पसरून, पाठ समोर करून धरायची. वरकडवाला वरकडाइतकी पानं न पाहता ओढतो, आणि तेवढीच आपल्या हातातली परत देतो. दोघांकडे पुन्हा १५-१५ आहेत ना, हे मोजा. पहिली उतारी झाली की राहिलेली ओढाओढ बुडाली, असं ठेवलं तर वाद मिटतो.

देणाऱ्यासाठी: पानं रंगवार लावलेलीच पुढे धरू नका. हुकूम डावीकडे ठेवायची सवय समोरच्याला दोन डावांत कळते. पिसल्यावर एखादं पान वर काढून मोहात पाडण्याचा खेळ लहान मुलांपुरता ठीक.

ओढणाऱ्यासाठी: ओढण्याआधी चौथ्या पायरीची मांडणी करून ठेवा. कुठलं पान कुठे आहे हे कळणार नाही, पण परत काय द्यायचं हे आधीच ठरतं. ओढणं नशिबाचं, कसब आहे ते परत देण्यात.

परत देताना सगळे डोळे झाकून सगळ्यात बारीक पान देतात. बारीक पान हुकमाचं असेल तर ती घोडचूक. लांब रंगातली अठ्ठीही देऊ नका. रंग मोकळा झाल्यावर ती हात करणार आहे. द्यायचं ते एकुलतं पान. समजा किलवरची फक्त नव्वी आपल्याकडे आहे आणि हुकूम बऱ्यापैकी आहेत. ती नव्वी दिली की आपल्याकडे किलवर शून्य. त्याने किलवर एक्का उतरला तर पहिल्याच फेरीला कापता येतो. दोन पानं द्यायची असतील तर दोन पानांचा अख्खा रंग द्या, दोन रंगांतली एकेक नको.

पण एक पाहून घ्या: दिलेल्या पानाने त्याचा रंग लांब होऊन आपल्यावरच उलटणार नाही ना? आपले हुकूम दोनच असतील आणि त्याच्याकडे किलवरची सातही पानं होणार असतील, तर आपले हुकूम कापण्यातच संपतील आणि उरलेले किलवर तो एकामागून एक घेत सुटेल. अशा वेळी एकुलतं पान हातातच राहू द्या आणि दुसऱ्या रंगातलं मधलं पान द्या.

ज्याची पानं ओढली गेली त्यानेही स्वस्थ बसायचं नाही. कोणती गेली आणि कोणती आली, हे त्याला दोन्ही दिसलं आहे. मांडणी तेवढी दुरुस्त केली की समोरच्याचा हात त्यालाही पूर्ण माहीत आहे.

१०. डावांचा हिशोब

ओढाओढीत वरकड वापरले गेले तरी कागदावर ते लिहून ठेवा. दोन रकाने, प्रत्येक डावाचे वरकड. ठरलेले डाव संपल्यावर ज्याची बेरीज जास्त तो जिंकला.

शेवटच्या डावाच्या वरकडांना पुढे ओढायला डाव नसतो. ते फक्त बेरजेत धरायचे. त्यामुळे शेवटच्या डावात पिछाडीवर असलेल्याने आठ-सातची फेड करून भागत नाही. कमी आहेत त्यापेक्षा निदान एक जास्त वरकड हवेत, आणि ते कुठल्या रंगातून येतील हे पहिल्या उतारीआधीच मोजायला हवं.